बग्गी घेतांना

खडबडीत मैदानावरील शर्यतीसाठीं रेडिओवर चालणारी बग्गी कोणती घ्यावी, हा प्रश्न एखाद्या शिक्षकानें शाळेच्या वार्षिकांत चर्चेस घ्यावा, याचें कित्येक पालकांस नवल वाटेल. पण या विषयांत मीं एका विद्यार्थ्याचे पैसे बुडविले आहेत. तेव्हां लिहिण्याचा अधिकार नसला तरी लिहिण्याचें कर्तव्य मजकडे येतें.

गेल्या वर्षींची गोष्ट. नववींतील एक मुलगा चिंचपोकळी स्थानकाजवळच्या एका चाळींत राहतो. त्याची आई घरीं डबे करून देते. भिशीचे पैसे हातीं आले तेव्हां त्यांतील दोन हजार रुपये तिनें मुलाच्या हौसेसाठीं वेगळे काढले आणि "सर, तुम्ही विज्ञान शिकवितां, तुम्हीच पाहून द्या," असें सांगून ते माझ्या स्वाधीन केले. मी त्याला घेऊन बाजारांत गेलों. पेटीवर डोंगर चढणाऱ्या बग्गीचें चित्र होतें, वेगाचा भला मोठा आंकडा होता, टायर चांगले जाड होते. पंधरा मिनिटांत आमची खरेदी आटोपली! अकराव्या दिवशीं मागल्या दंतचक्राचा एक दांत तुटला. सुटा भाग मिळत नाहीं, नवीन गाडी घ्या, असें दुकानदारानें सांगितलें. मुलानें तक्रारीचा एक शब्दही काढला नाहीं. तो तुटका दांत काड्यापेटींत घालून त्यानें मला आणून दाखविला, एवढेंच. ती काड्यापेटी पुष्कळ दिवस माझ्या टेबलावर पडून होती.

दुकानांत विचारावयाचा पहिला प्रश्न वेगाचा नसून सुट्या भागांचा होता, हें मला तेव्हां सुचलें नाहीं. पुढें तें खेळणें मीं उघडून पाहिलें. आंत एकच पट्टी: रेडिओचा संदेश घेणारी तीच, मोटारीस वीज सोडणारी तीच आणि चाकें वळविणारीही तीच. एक घटक बिघडला कीं सर्वच संपलें. शिवाय चाकें वळत तीं एक तर पूर्ण डावीकडे, नाहीं तर पूर्ण उजवीकडे. मधली अवस्था नाहीं. शर्यतीच्या गाडींत रिसीव्हर, मोटारीचा वेग सांभाळणारा नियंत्रक आणि चाकें वळविणारा सर्व्हो हे बहुधा वेगवेगळे असतात, आणि हातांतील चक्र जितकें फिरवावें तितकेंच चाक वळतें. खडबडीत जमिनीवर गाडी क्षणोक्षणीं थोडी थोडी सावरावी लागते. तेथें हा गुण वेगाहून मोलाचा आहे.

आणि आमचें मैदान कसलें, तें चिंचपोकळी-लालबागच्या वाचकांस सांगावयास नको. मांडवाचे बांबू निघाले कीं खड्डे उरतात. पावसाळा सरला कीं चिखल वाळून त्याचीं ढेकळें होतात. अशा जागीं गाडीचें पोट जमिनीपासून उंच हवें, टायरांना टोंकें हवींत, आणि शॉक ॲब्सॉर्बरमध्यें तेल हवें. नुसती स्प्रिंग असली तर गाडी एकदां उसळली कीं उसळतच राहते. तेल त्या उसळीची शक्ति गिळून टाकतें. भौतिकशास्त्राच्या पुस्तकांतील 'अवमंदन' तें हेंच.

शोध घेतां घेतां मला एक मौजेची गोष्ट आढळली. जपानांतील शिझुओका येथील तामिया कंपनीनें 1984 सालीं ग्रासहॉपर व हॉर्नेट या दोन बग्ग्या काढल्या. कॅलिफोर्नियांत डेल मार येथें या आकाराच्या, म्हणजे एक-दशांश प्रमाणाच्या, विजेच्या बग्ग्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली ती 1985 सालीं. इतक्या जुन्या या दोघी कंपनीनें चालू शतकांत पुन्हा बाजारांत आणल्या, आणि त्यांचे सुटे भाग मिळतात. दोघींचा सांगाडा बहुतांशीं एकच. हॉर्नेटला मोठी 540 मोटार व मागील शॉकमध्यें तेल. ग्रासहॉपरला लहान 380 मोटार, आणि तेल नाहीं. नांवाप्रमाणें ती नाकतोड्यासारखी उडतेही! चिनी डब्ल्यूएलटॉइजची 144001 ही चारही चाकें ओढणारी तयार गाडी वेगांत या दोघींना मागें टाकील. परंतु तिच्यांत रिसीव्हर व नियंत्रक एकाच पट्टींत आहेत. माझें मन एकदां पोळलेलें होतें.

स्वस्ताई हा शब्दही जपून वापरावा. खेळण्यांवरील आयातकर 2020 सालीं 20 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर आणि 2023 सालीं 70 टक्क्यांवर गेला. त्यांतून बग्गीच्या संचाबरोबर ट्रान्समीटर, सर्व्हो, बॅटरी व चार्जर बहुधा येत नाहींत. हा सर्व हिशेब आधीं कागदावर मांडावा, मग पेटीवरील किंमत पाहावी.

बॅटरीविषयीं मी हट्टी आहें. लिथियमची हलकी व जोमदार असते खरी, पण ती फुटली किंवा प्रमाणाबाहेर चार्ज झाली तर पेट घेते. आणि दहा बाय बाराच्या खोलींत चार्जरच्या शेजारींच अंथरूण असतें. म्हणून आम्हीं निकेल-मेटल हायड्राइडची, सहा घटांची, 7.2 व्होल्टची घेतली. 3000 मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरींतून सरासरी 10 अँपिअर प्रवाह घेतला तर ती 18 मिनिटें पुरते. शर्यत पांच मिनिटांची धरली तर तेवढें पुष्कळ झालें. चार्जिंग फरशीवर, आणि घरांत कोणी जागें असतांनाच.

पैशांचें काय झालें, तें सांगावयाचें राहिलें. मीं दोन हजार परत करूं लागलों तर मुलाची आई घेईना. "पेटी घरीं आली तेव्हां मलाही तीच आवडली होती, सर," एवढेंच ती म्हणाली. अखेर तीन विद्यार्थी व मी अशी चौघांची भागी ठरली, आणि माझा वांटा कांहींसा मोठा ठेवण्यास तिची संमति मिळविण्यांत दोन रविवार गेले. ग्रासहॉपर मागविली. दिवाळीच्या सुटींत माझ्या जेवणाच्या टेबलावर ती जोडली; आमच्या घरीं चार दिवस जेवणें जमिनीवर झालीं.

दुसऱ्याच आठवड्यांत मांडवाच्या एका खड्ड्यांत पुढल्या चाकाचा दांडा मोडला. माझ्या छातींत धस्स झालें. त्या मुलानें मात्र पिशवींतून आधींच घेऊन ठेवलेला दुसरा दांडा काढला, तीन स्क्रू फिरविले, आणि वीस मिनिटांच्या आंत गाडी पुन्हा ढेकळांवरून उड्या मारूं लागली.

आतां शिलकेंत थोडे पैसे जमले आहेत. तेलाचे शॉक आधीं घ्यावे असें माझें व त्याचें मत आहे. इतर दोघे भागीदार मोठ्या मोटारीसाठीं अडून बसले आहेत. मतें दोन-दोन झालीं आहेत, आणि शनिवारीं मैदानावर पुन्हा वाद होणार आहे.