कारंज्याची जुनी खुर्ची

वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) हे नगर जैन समाजास सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांच्या मंदिरांमुळे व तेथील हस्तलिखितांमुळे परिचित आहे. डॉ. हीरालाल जैन यांनी संपादिलेला ‘करकंडचरिउ’ हा अपभ्रंश ग्रंथ १९३४ साली कारंजा जैन ग्रंथमालेतूनच प्रसिद्ध झाला. हस्तलिखित पोथी हाती आली की अभ्यासक आधी तिचे शेवटचे पान पाहतात. ती कोणी, कोठे व कोणत्या संवतात लिहिली, हे तेथील पुष्पिकेत बहुधा सापडते. जुन्या लाकडी खुर्चीचीही अशीच एक पुष्पिका असते. ती बैठकीच्या खालच्या अंगाला असते.

कारंजा ही कापसाची जुनी बाजारपेठ. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून यवतमाळकडे जाणारी नॅरोगेज रेल्वे या गावावरून गेली. पेढी, कचेरी आणि शाळा यांच्याबरोबर वऱ्हाडातील अशा गावांत गादी-लोडांच्या शेजारी खुर्चीही आली. आज जुने वाडे उतरविले जातात, तेव्हा दारे, तुळया आणि खुर्च्या एकाच ढिगात विक्रीस निघतात. विकणाऱ्यास ते जुने लाकूड वाटते. घेणारा मात्र कित्येकदा त्याच खुर्चीला ‘इंग्रजी’ किंवा ‘शंभर वर्षांची’ म्हणून पुढे विकतो. दोघांनीही ती एकदा उलटी करून पाहणे हिताचे असते.

पहिली खूण लाकडाची. सागाची खुर्ची जड असते, तिचा रंग सोनेरी तपकिरी असतो आणि न रंगविलेला भाग हाताला किंचित तेलकट लागतो. शिसवी लाकूड अधिक काळसर व वजनदार असते. अशी खुर्ची बहुधा देशी सुताराच्या हातची असते. बीच नावाचे युरोपीय लाकूड मात्र फिकट असून त्यावर बारीक आखूड ठिपक्यांसारख्या रेघा दिसतात. वरून गडद रंग दिलेला असला, तरी बैठकीखाली खरा रंग उघडा पडतो.

दुसरी खूण वळणाची. व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीने १८५९ साली जी १४ क्रमांकाची खुर्ची काढली, तिचे लाकूड वाफेवर वाकविलेले होते. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यात ती उभी राही, आणि एक घनमीटर पेटीत छत्तीस खुर्च्या सुट्या भागांत मावत. त्यामुळेच ती जगभर पोहोचली. मुंबईच्या इराणी हॉटेलांत या घाटाच्या खुर्च्या अनेकांनी पाहिल्या असतील. वाफेवर वाकविलेल्या लाकडातील रेषा वळणाबरोबर सलग वळतात. फळीतून कापून काढलेल्या वळणात त्या सरळ जाऊन कडेला तुटतात.

तिसरी खूण अक्षरांची. बैठकीच्या कड्याच्या आतील बाजूस छाप किंवा कागदी चिठ्ठी असते. थोनेटप्रमाणे कोन आणि मुंडुस या कंपन्यांचीही नावे तेथे आढळतात. छापात चेकोस्लोव्हाकियाचे नाव असेल, तर ती खुर्ची १९१८ पूर्वीची असू शकत नाही, कारण तो देशच त्या वर्षी अस्तित्वात आला. अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकापासून प्रचारात आला. तो मागाहूनच्या दुरुस्तीचाही असू शकतो. म्हणून एकाच खुणेवर निर्णय देऊ नये.

बैठकीखाली कधी कारखान्याचे नाव नसते; एखाद्या शाळेचे, मंदिराचे वा कचेरीचे नाव आणि अनुक्रमांक असतो. येथे प्रश्न केवळ वयाचा राहत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत ‘तदाहृतादान’, म्हणजे चोरून आणलेली वस्तू घेणे, आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे नकली वस्तू अस्सल म्हणून खपविणे, हे दोन आहेत. संस्थेचा क्रमांक असलेली खुर्ची रीतसर लिलावातून आली की नाही, हे विचारणे श्रावकाचे कर्तव्य ठरते. चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांतील, पिएर जानरे यांच्या आराखड्याच्या खुर्च्या भंगार म्हणून निघाल्या आणि परदेशी लिलावांत मोठ्या किमतीस गेल्या. अखेर २०११ साली केंद्र सरकारला त्यांच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली. पुढे किमतीच्या लोभाने त्यांच्या नकलाही निघाल्या.

जुनी खुर्ची वापरात ठेवल्याने नवे झाड वाचते. अपरिग्रहाच्या दृष्टीनेही ते योग्य आहे. परंतु ती चकचकीत करण्याच्या घाईत खालचा छाप घासला, की तिची ओळख कायमची जाते. म्हणून पॉलिश वरून द्यावे; बैठकीखालचा भाग केवळ कोरड्या फडक्याने पुसावा, छापाचे छायाचित्र घ्यावे, आणि खुर्ची कोणाच्या घरातून, कोणत्या साली आली, हे एका चिठ्ठीवर लिहून ती तेथेच चिकटवावी. कारंज्याच्या लिपिकारांनी पोथीच्या अखेरीस चार ओळी लिहिल्या, म्हणून त्या पोथ्यांचा काळ आज सांगता येतो. घरच्या वस्तूंसाठी तेवढ्या ओळी लिहिणे कोणासही अवघड नाही.