शेतात जिप्सम, कोठ्याखाली चुना
दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर… पूर्णाकाठची आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. कपाशीला चालते, भिंतीला नाही.

यंदा ढोरांच्या कोठ्याच्या भरावात विझवलेला चुना मिसळला. सुक्या मातीच्या क्विंटलला 5 किलो. मग पाणी मारून धुम्मस केली.

शेजारी म्हणे, “आपल्या मातीत चुनखडी हायेच की!” हाये, पण ती भाजलेली नाही, चिकणमातीला धरत नाही. भाजलेल्या चुन्यातलं कॅल्शियम सोडियमला हटवतं, माती भुसभुशीत होते, पुढे महिनोन्‌महिने कडक होत जाते.

एक ध्यानात ठेवा : जिप्सम टाकलेल्या वावरातली माती भरावाला घेऊ नका. जिप्सममधलं सल्फेट अन् चुना ओलीत भेटले की माती उलट जास्त फुगते. आधी सल्फेट तपासा, मगच चुना आणा.