पाठीमागचा तंबोरा

गाण्याच्या बैठकीत श्रोत्यांची दृष्टी गवयाच्या मुद्रेवर खिळलेली असते, फार तर मधूनमधून तबलजीच्या बोटांकडे वळते. तंबोऱ्याकडे कोणी पाहत नाही. हे आम्ही अनुभवाने सांगतो. आयुष्यातली चाळीसेक वर्षे आम्ही कोणा ना कोणा गाणाऱ्याच्या पाठीमागे तंबोरा घेऊन बसलो आहोत आणि ‘आज तंबोरा छान लागला होता’ असे श्रोत्यांपैकी कोणी येऊन सांगितल्याचे आम्हांला एकदाही स्मरत नाही. तेव्हा गाणारा कोणते वाद्य घेऊन बसला आहे, ते कोणी घडवले, याचे श्रोत्यांना काही सोयरसुतक असते काय, हा प्रश्न आम्हांला पडला तर वाचकांनी त्यात आश्चर्य मानू नये.

आमचे घर जैनाबादेत. तापीच्या उत्तर तीरावर बुऱ्हाणपूर आणि दक्षिण तीरावर आमचे हे लहानसे गाव. येथील आहूखान्यात, म्हणजे मोगलांच्या मृगोद्यानात, १६३१ मध्ये मुमताजमहलचा देह आग्र्यास नेण्यापूर्वी काही महिने विसावला होता. ही हकिकत सर्वांना ठाऊक असते. पण याच बागेची दुसरीही एक आठवण आहे. शाहजादा औरंगजेब दख्खनच्या सुभेदारीवर असताना हिराबाई नावाच्या एका गायिकेवर येथे लुब्ध झाला. पुढे ती ‘जैनाबादी’ याच नावाने ओळखली गेली. आंब्याच्या झाडाची फांदी धरून ती हलक्या आवाजात गात होती, असे एका कथेत आहे. उडी मारून तिने आंबा तोडला, असे दुसरीत आहे. जुन्या बखरकारांनी फांदी ध्यानात ठेवली, आंबा ध्यानात ठेवला, पण एरवी तिच्या साथीला कोणते वाद्य असे, याची वास्तपुस्त या कथांत कोणी केलेली नाही. श्रोत्यांची ही रीत अशी जुनीच आहे.

आमचा तंबोरा मिरजेचा. आमच्या लहानपणी वडील गाड्या बदलत मिरजेस गेले आणि येताना पोराला जपावे तसा त्याला मांडीवर घेऊन आले. एकोणिसाव्या शतकात हत्यारे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब वाद्यांकडे वळले आणि मिरजेत सतार-तंबोऱ्यांची परंपरा सुरू झाली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे कडू भोपळे, तुणीचे लाकूड आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा हात यांतून हे वाद्य आकारास येते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आमची छाती उगाचच फुगली होती.

दर कोजागिरीला आमच्या अंगणात बैठक होई. वडील तंबोरा लावीत, आम्ही तो धरीत असू. पंचम, जोडाच्या दोन तारा आणि खर्ज, अशा चारच तारा. पण नीट जुळल्या की कोणी न छेडलेला गंधार खर्जातून आपोआप उमटू लागे. ‘हा स्वयंभू,’ वडील म्हणत, ‘त्याला बोलावता येत नाही. फक्त जागा करून द्यायची.’

वडील गेले. तंबोऱ्याची जवारी झिजली होती, तारा बोदट बोलू लागल्या होत्या. पुढच्या कोजागिरीला चिरंजीवांनी विजेवर चालणारा तंबोरा आणला. हे यंत्र आपल्याकडे १९७९ च्या सुमारास बंगळूरच्या राज नारायण यांनी सिद्ध केले. आता तर ते काम मोबाइलसुद्धा करतो. त्याची निंदा करण्याचे आम्हांला कारण नाही. ते उतरत नाही, हवेने बिघडत नाही आणि एकट्याने रियाज करणाऱ्याला त्याचा मोठाच आधार आहे. त्या रात्री आम्ही प्रथमच श्रोत्यांत बसलो. साठ-सत्तर मंडळी होती. वडिलांचा तंबोरा कुठे गेला, असे एकानेही विचारले नाही. खोटे कशाला बोलावे, आमच्या जिवाला ते लागले.

त्याच सुमारास एका आप्ताने निरोप धाडला की, तंबोरा वापरात नसेल तर त्यांच्या नव्या बंगल्याच्या दिवाणखान्यात तो शोभून दिसेल, किंमत सांगाल ती देऊ. घरातल्या कोणाचा विरोध नव्हता. आमचाही अर्धा होकार होता. जे कोणी ऐकत नाही ते निदान पाहिले तरी जावे, असे वाटू लागले होते.

मग वाचनात आले की, पॅरिस आणि न्यूयॉर्क येथे याच प्रश्नाची परीक्षा झाली आहे. वादकांना गडद चष्मे लावून जुनी स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिने आणि आजची नवी व्हायोलिने आळीपाळीने वाजवायला दिली. श्रोत्यांना जुने कोणते, नवे कोणते, हे ओळखता आले नाहीच, उलट त्यांनी एकंदरीत नव्यांनाच अधिक पसंती दिली. हा वृत्तान्त २०१७ चा. आम्ही मनात म्हटले, संपला प्रश्न. देऊन टाकावा तंबोरा.

पण आमच्या आत्याचे एक वाक्य आडवे आले. त्या कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी पातेले घासायला काढताना ती सहज म्हणाली होती, ‘यंदा दूध उरलं रे. गाणं कमी पडलं की दूध उरतं.’ खरेच, दरवर्षी दोनपर्यंत रंगणारी बैठक त्या वर्षी साडेबारालाच भैरवीवर आली होती. तंबोऱ्याविषयी आत्या अवाक्षर बोलली नव्हती. तिनेही तो पाहिला नव्हता.

आम्ही नदीपलीकडे जाऊन गाणाऱ्या बाईंनाच विचारले. त्या संकोचून म्हणाल्या, ‘सूर बरोबर होता, तक्रार नाही. पण दादा, यंत्र कोणाचा श्वास पाहत नाही. मागून कोणी धरून ठेवल्यासारखं वाटलं नाही, म्हणून आलाप आवरता घेतला.’

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. श्रोता वाद्य ऐकत नाही हे खरे, पण वाद्य गाणाऱ्याला जे देते ते श्रोत्यापर्यंत पोचते. तो त्याचे नाव जाणत नाही, इतकेच. पॅरिसच्या श्रोत्यांचे कान चुकले नव्हते. नव्या कारागिरांनीही चांगलेच वाद्य घडवले होते. जुन्याचा मान हा मुद्दाच नव्हता. गाणाऱ्याला जागा करून देणारे वाद्य पाठीशी आहे की नाही, एवढाच मुद्दा होता.

आम्ही तंबोरा घेऊन मिरजेस गेलो. कारागिराने घोडीवरून बोट फिरवले आणि विचारले, ‘गाणार कोण? बाई की पुरुष? स्वर कुठला? जवारी उघडी हवी की गोल?’ ऐकणारे किती, हे त्याने विचारले नाही. घोडीचा माथा तो केसभर घासे, तार छेडी, पुन्हा घासे. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवला आणि एका जागी तो आला मात्र, स्वर एकदम उमलला. आम्ही तोंड फिरवून डोळे पुसले.

आप्तांना नकार कळवला. त्यांना राग आला असावा.

पुढच्या कोजागिरीला आम्ही पुन्हा पाठीमागे बसलो. कोणीही तंबोऱ्याकडे पाहिले नाही. भैरवी झाली तेव्हा दोन वाजून गेले होते. थंडी कमी होती, पाहुणेही थोडे अधिक होते, म्हणून सारे श्रेय तंबोऱ्याला देण्याचे धाडस आम्ही करीत नाही. पण सकाळी आत्या रिकाम्या पातेल्यात डोकावून म्हणाली, ‘यंदा दूध कमी घेतलं होतंत का रे?’

आम्ही ‘हो’ म्हणालो आणि तंबोऱ्यावर गवसणी चढवू लागलो.