शीळ घालतंय कोण?

वीकएण्ड म्हटलं की आम्हा रहाटणीकरांचे पर्याय ठरलेले. मॉल, मूव्ही, नाहीतर लोणावळ्याचा ट्रॅफिक जॅम! पण रविवारी पहाटे तीनला उठायची तयारी असेल, तर भीमाशंकर गाठा. देवदर्शन तर कराच, पण आधी पक्षिदर्शन.

कोकणे चौकातून नाशिक फाटा, चाकण, राजगुरुनगर, मंचर, घोडेगाव. अंतर शंभरेक किलोमीटर. कंपन्यांच्या बस रस्त्यावर यायच्या आत चाकण ओलांडलं, की निम्मं काम फत्ते. डिंभे धरणानंतर हवा बदलते, एसी आपोआप बंद होतो.

१९८५ मध्ये घोषित झालेलं हे अभयारण्य सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं. माथ्यावर उंची ३,००० फुटांच्या वर. जूनच्या पहिल्या सरींनंतर आम्ही गुप्त भीमाशंकरच्या पायवाटेला लागलो, तेव्हा जेमतेम उजाडलं होतं. तेवढ्यात कुणीतरी शीळ घातली. अगदी माणसासारखी, रमतगमत, सूर सोडून भरकटणारी. हाच तो मलबारी शीळकरी कस्तूर!

पण साहेब दिसेनात. ग्रुपमधल्या एकाने मोबाइल काढला, रेकॉर्ड केलेली शीळ वाजवायला. वाट दाखवायला आलेल्या गावातल्या दादांनी हात आडवा धरला. "त्याला वाटल, दुसरा नर घुसलाय आपल्या हद्दीत. मग घरटं सोडून भांडायला येतोय बिचारा."

विणीच्या दिवसांत आपल्या एका फोटोची किंमत घरट्यातली पिल्लं मोजतात, हा हिशेब कुणाच्या डोक्यातच नव्हता. मोबाइल खिशात गेला. वीस मिनिटं नुसते बसून राहिलो. मग तो स्वतःहून ओढ्यातल्या दगडावर उतरला. आधी निव्वळ काळा. ढग सरकले, तसे कपाळ आणि खांदे निळे चमकले.

परतताना वर पाहा. शेकरू, आपला राज्यप्राणी, जमिनीवर क्वचितच उतरतो. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर उडी, हाच त्याचा हायवे. मधली झाडं गेली की त्याचा रस्ताच बंद!

जाता जाता : कपडे मातकट रंगाचे, दुर्बीण गळ्यात, स्पीकर घरी. पावसाळ्यात काही वाटा बंद असतात, वनविभागाकडे चौकशी करूनच निघा. पावसात जमलं नाही, तर ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह आहेच. मारुती चितमपल्ली आणि डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडणारा हा आठवडा. बॉसकडे रजेचा अर्ज आत्ताच टाका!