मिनिटांची वही

२८ सप्टेंबर २०२५, रविवार. डब्लिन

काल ब्रेंटफर्डने मँचेस्टर युनायटेडला ३-१ हरवलं आणि ब्रुनो फर्नांडिसची पेनल्टी आमच्या केलहरने अडवली. हे ‘आमच्या’ माझ्या तोंडात कधी बसलं कळलं नाही.

वहीची कल्पना शेजारच्या आजोबांची. आयुष्यभर डब्लिनच्या बसगाड्या हाकल्या, आता डॅलिमाउंट पार्कच्या मागच्या गल्लीत बसून रेडिओ ऐकतात. त्यांचं म्हणणं असं, की छोट्या देशाने आपल्या खेळाडूंचे गोल मोजू नयेत, मिनिटं मोजावीत. एकट्या पुणे जिल्ह्यात या अख्ख्या देशापेक्षा जास्त माणसं राहतात. राष्ट्रीय संघात घ्यावीत अशी पोरं तीसेक. त्यातली बहुतेक इंग्लंडच्या क्लबांत, आणि शनिवारी त्यांना मैदानात उतरवायचं की बाकावर बसवायचं हे तिथले मॅनेजर ठरवणार. म्हणून दर सोमवारी रकाने भरायचे: नाव, क्लब, मिनिटं, कुठं दुखतंय. शेवटचा रकाना माझ्याकडे, कारण मी फिजिओ. इंग्लंडबाहेर खेळणारा वहीत घ्यायचा नाही, हा आजोबांचा नियम. त्यांच्या लेखी बाकीचं जग म्हणजे सुट्टीला जायची जागा.

केलहरचं पहिलं नाव लिहितात एक, उच्चारतात भलतंच. क्वीवीन म्हणायचं असतं. कॉर्कचा. लहानपणी स्ट्रायकर होता. लिव्हरपूलमध्ये दहा वर्षं काढली, त्यातली बरीचशी आलिसनच्या मागे बाकावर. २०२२ च्या लीग कप फायनलला पेनल्ट्या ११-१० पर्यंत गेल्या, तेव्हा अकरावी यानेच मारली होती. या उन्हाळ्यात ब्रेंटफर्डला गेला. तिथला मॅनेजर कीथ अँड्र्यूज डब्लिनचा, कॅप्टन नेथन कॉलिन्स लेक्सलिपचा. गेल्या मोसमात प्रीमियर लीगच्या ३८ सामन्यांत कॉलिन्स एक मिनिटही बाहेर बसला नाही. ३४२० मिनिटं. आजोबांनी तो आकडा लाल शाईने लिहून ठेवलाय.

१२ ऑक्टोबर, रविवार

लिस्बनला काल हरलो. रोनाल्डोची पेनल्टी केलहरने पायाने अडवली तेव्हा मी घरात इतकी ओरडले, की खालच्या मजल्यावरून काठीने छत ठोकलं गेलं. जादा वेळेत रूबेन नेव्हेसचा हेडर. १-०. असं हरणं बरं का ३-० ने, यावर आजोबांशी फोनवर वाद. ते म्हणाले, ३-० ने झोप तरी लागते.

१५ ऑक्टोबर, बुधवार

काल आर्मेनियाला १-० हरवलं. गोल एव्हन फर्ग्युसनचा. विश्वचषकाच्या या पात्रता फेरीत आतापर्यंत आयर्लंडचे चार गोल, त्यांतले तीन त्याचे. चौथा हंगेरीविरुद्ध ॲडम आयडाचा.

फर्ग्युसनबद्दल इथं कुणी नुसतं बोलत नाही, आधी सुस्कारा सोडतं. चौदा वर्षांचा असताना बोहेमियन्सकडून चेल्सीविरुद्ध मैत्रीपूर्ण सामन्यात उतरला, याच डॅलिमाउंटवर, आमच्या खिडकीतून ज्याचे दिवे दिसतात तिथं. अठराव्या वर्षी ब्रायटनकडून न्यूकासलविरुद्ध हॅट्‌ट्रिक. मग घोटा. मग बाक. फेब्रुवारीत वेस्ट हॅमला लोनवर, जुलैत रोमाला लोनवर. कागदोपत्री अजून ब्रायटनचा, म्हणून वहीत. आजोबांनी नियमाला पळवाट काढलेली मी त्यांच्या लक्षात आणून दिली नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

आज क्लिनिकला अकिलीस टेंडनचा एक पेशंट. पोरगेलाच, गेलिक फुटबॉलवाला. ऑपरेशन होऊन सात महिने झालेत. भिंतीला दोन बोटं टेकवून एका पायावर उभा केला आणि टाच उचलायला लावली. चांगल्या पायावर पंचवीस वेळा, लीलया. दुखऱ्या पायावर दहापर्यंत टाच तेवढीच वर गेली. अकराव्याला कंबर पुढं आली, गुडघा किंचित वाकला, आणि टाच वर गेल्याचा नुसता देखावा झाला. त्याला वाटलं मला दिसलं नाही. “पंचवीस झाले,” म्हणाला. मी कागदावर दहा लिहिले.

घरी येऊन वहीत ओग्बेनेचं पान उघडलं. चिदोझी ओग्बेने लागोसमध्ये जन्मला, आठव्या वर्षी कॉर्कला आला, नेमो रेंजर्सकडून गेलिक फुटबॉल खेळला. ऑक्टोबर २०२४ मध्ये इप्सविचकडून खेळताना त्याचं अकिलीस तुटलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये साउदॅम्प्टनचा गोलकीपर गॅव्हिन बाझुनूचंही तुटलं होतं. ओग्बेनेचा सगळा खेळ पहिल्या पाच पावलांच्या झपाट्यावर. त्याच्यासाठी टेंडन म्हणजे रोजीरोटी. आता तो शेफील्ड युनायटेडला लोनवर आहे. पेपरात ‘पूर्ण तंदुरुस्त’ असं छापतात तेव्हा मला तो अकरावा उठाव आठवतो. उभं राहता येतं, पळता येतं, सामनाही खेळता येतो. पण दमल्यावर शरीर कुठं चोरतं, हे मिनिटांच्या रकान्यात येत नाही. आजोबांना हे सांगून उपयोग नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

रात्री कोल्हापूरहून आबांचा फोन. आबा त्यांच्या काळात पेठेच्या तालमीकडून विंगला खेळायचे. शाहू स्टेडियमची गॅलरी पाहिलेल्या माणसाला डॅलिमाउंटचं कौतुक सांगायला गेलं, की ते म्हणतात, “आमच्याकडं मॅच संपल्यावर खरी मॅच सुरू हुतीया.”

“तुझी ती आयरिश पोरं लहानपणीच इंग्लंडला जात्यात न्हवं?” त्यांनी विचारलं. पूर्वी जायची, म्हटलं. पंधरा-सोळा वर्षांची पोरं बोटीत, नंतर विमानात बसून जायची, बहुतेक सगळी दोन-तीन वर्षांत परत यायची, आणि परत आलेल्यांची नावं कुणी लिहून ठेवायचं नाही. ब्रेक्झिट झालं, आणि २०२१ पासून अठरा पूर्ण झाल्याशिवाय ब्रिटनमधल्या क्लबला जाता येत नाही. आता सेंट पॅट्रिक्स ॲथलेटिकचा मेसन मेलिया जानेवारीत टॉटेनहॅमला चाललाय. सप्टेंबरमध्ये अठरा पूर्ण झाली. करार फेब्रुवारीतच झालेला, पण पोरगं तोवर इथंच, आईच्या हातचं जेवून, मोठ्या माणसांच्या लीगमध्ये ढोपरं खात खेळलं. माझ्या मते या बेटाच्या फुटबॉलवर ब्रेक्झिटने चुकून उपकार केलेत. आजोबांना हे पटत नाही. त्यांच्या मते सोळाव्या वर्षी घर सोडल्याशिवाय माणूस कडक होत नाही.

“आन् त्यो पुण्याच्या कोंबडीवाल्यांचा क्लब?” आबांना ब्लॅकबर्न रोव्हर्स त्याच नावाने माहीत. २०१० पासून तो व्यंकीजचा. आपला अनिकेत जाधव २०१९ मध्ये तिथं ट्रेनिंगला जाऊन आला, हे आबा दर फोनला सांगतात. मी त्यांना सॅमी स्मॉडिक्सचं सांगितलं: आडनाव हंगेरियन, जन्म कोलचेस्टरचा, जर्सी आयर्लंडची, आणि २०२३-२४ मध्ये त्याच पुणेकरांच्या क्लबसाठी लीगमध्ये २७ गोल, चॅम्पियनशिपमध्ये सर्वांत जास्त. पुढच्या उन्हाळ्यात विकला इप्सविचला. “विकणारच,” आबा म्हणाले, “पुण्याचं हायती.”

१३ नोव्हेंबर, गुरुवार. रात्रीचा एक

फर्ग्युसन नाही. पुन्हा घोटा. सकाळी क्लिनिकमध्ये रिसेप्शनवरच्या बाईसुद्धा ‘मग काय उपयोग’ म्हणाल्या.

आणि पोर्तुगालला २-० हरवलं.

आजोबांच्या मुलाने तिकिटं काढली होती, एक उरलं. अवीवा स्टेडियमच्या वरच्या मजल्यावर, वारा कानात. कलनचा कॉर्नर, स्केल्सने डोक्याने गोलसमोर परतवला, ट्रॉय पॅरटने डोक्यानेच आत ढकलला. मध्यंतराआधी त्याचाच दुसरा, जवळच्या खांबालगत. मग रोनाल्डोने दारा ओशेला ढोपर मारलं आणि त्याला लाल कार्ड. देशाकडून खेळताना पहिल्यांदाच. शेजारचा अनोळखी माणूस मला मिठी मारून रडला आणि मग सभ्यपणे सॉरी म्हणाला.

पॅरट वहीत नाही. तो हॉलंडला अल्कमारला खेळतो.

आणखी एक. उजवीकडे शेमस कोलमन. वय ३७. एव्हर्टनकडून या मोसमात लीगमध्ये एकदाही सुरुवातीच्या अकरात नाही. ती जागा यॉलचा जेक ओब्रायन सांभाळतो, म्हणजे आयरिश माणसाला आयरिश माणसानेच बसवलंय. वहीत कोलमनसमोर बहुतेक आठवडे शून्य. आणि आज तो असा खेळला, की मी सगळा वेळ त्याच्या पोटऱ्यांकडे बघत होते, आणि एकदाही चोरी सापडली नाही. हा पाय मार्च २०१७ मध्ये याच मैदानात, वेल्सविरुद्ध, दोन्ही हाडं मोडून पडला होता. दहा महिन्यांनी तो पुन्हा एव्हर्टनकडून उतरला. २००९ मध्ये स्लायगो रोव्हर्सकडून साठ हजार पौंडांत घेतलेला किलीबेग्जचा पोरगा.

१६ नोव्हेंबर, रविवार

बुडापेस्ट. जिंकलंच पाहिजे, बरोबरी चालणार नाही. तिसऱ्या मिनिटाला मागे. ओग्बेनेने पेनल्टी मिळवली, पॅरटने मारली. पुन्हा मागे. ऐंशीव्या मिनिटाला अझाझचा पास, पॅरट, २-२. मग सोळा मिनिटं काही सुचलं नाही. मी कुकर लावला, शिट्ट्या मोजायला विसरले. शहाण्णवाव्या मिनिटाला केलहरने लांब मारलेला चेंडू, स्केल्सचं डोकं, आणि पॅरटच्या बुटाचं टोक. ३-२.

भात करपला.

नंतर टीव्हीवर पॅरट बोलता बोलता रडला. उत्तर डब्लिनच्या भर वस्तीतला पोरगा, पंधराव्या वर्षी टॉटेनहॅमला गेलेला. मग मिलवॉल, इप्सविच, मिल्टन कीन्स, प्रेस्टन, एकामागून एक लोन. इंग्लंडने त्याला वाटेल तिथं पाठवून बघितलं, आणि कुठंच ठेवून घेतलं नाही. शेवटी २०२३ ला समुद्र ओलांडून गेला तो गेला. आमच्या वहीचं आधीचं एक पान त्याचं होतं. मीच त्यावर आडवी रेघ मारून ‘गेला’ लिहिलं होतं.

संध्याकाळी आजोबांकडे वही घेऊन गेले. त्यांनी काही न बोलता शेवटच्या कोऱ्या पानावर लाल शाईने ‘पॅरट’ लिहिलं. क्लबच्या रकान्यात काय लिहायचं यावर थोडं अडले, मग लिहिलं: परदेश.

२० नोव्हेंबर, गुरुवार

प्लेऑफची सोडत. २६ मार्चला प्रागमध्ये चेक संघाशी. जिंकलं तर पुढचा सामना डब्लिनला, डेन्मार्क किंवा नॉर्थ मॅसिडोनियाशी. विश्वचषकाला आयर्लंड शेवटचा गेला २००२ मध्ये.

हायमिर हॅलग्रिमसन, आपले कोच, मूळचे आइसलंडचे दंतवैद्य. सप्टेंबरमध्ये आर्मेनियात हरल्यावर लोक त्यांना दवाखान्यात परत पाठवायला निघाले होते.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

काल ओल्ड ट्रॅफर्डला एव्हर्टनचा सामना. नावांची यादी आली आणि आजोबांचा लगेच मेसेज, सगळा मोठ्या अक्षरांत: कोलमन सुरुवातीपासून. मी ड्युटीवरून धावत आले. बूट काढेपर्यंत तो बाहेर पडला होता. दहा मिनिटं. त्यानंतर थोड्याच वेळात गेयेने आपल्याच संघातल्या कीनच्या तोंडात मारली आणि लाल कार्ड घेतलं. दहा जणांवर येऊनही एव्हर्टन १-० जिंकलं. पण ते सगळं मी अर्धवटच पाहिलं.

आज सकाळी आजोबा दारात. वही पुढं केली, पेन पुढं केलं. स्वतः लिहायला तयार नाहीत. मी लिहिलं: कोलमन, एव्हर्टन, १०.

“सदतिसाव्या वर्षी स्नायू भरून यायला किती लागतं?” त्यांनी विचारलं. हा प्रश्न फिजिओला होता, शेजारणीला नाही, म्हणून मी कॅलेंडर काढलं. २६ मार्चपर्यंत सतरा आठवडे आणि दोन दिवस.

“पुरेत,” ते म्हणाले, आणि चहा न घेताच गेले.