सीताफळांची पाटी

नवरात्राच्या सुमारास वडील सासवडच्या बाजारातून सीताफळांची अख्खी पाटी आणायचे. एसटीनं दिवे घाट उतरून ती पुण्यात येईपर्यंत तळाची दोन-चार फळं फुटलेली असायची. ती लगेच आम्हा मुलांच्या वाट्याला.

मग आजी निवडायला बसायची. खवल्यांमधल्या फटी रुंदावून पिवळसर झाल्या की फळानं ‘डोळे उघडले’. तशी फळं एका बाजूला, मिटलेली तांदळाच्या पिंपात. रोज संध्याकाळी तांदळात हात घालून चाचपायचं काम माझं. बोटानं दाबायचं नाही, फळ तळहातावर घेऊन अंदाज घ्यायचा, हे तिनंच शिकवलं.

सीताफळ पिकलं की थांबत नाही. कैरीचं लोणचं होतं, आंब्याचं साठं होतं. सीताफळाचा गर आचेवर ठेवला की कडवट होतो. बासुंदीतसुद्धा तो दूध निवल्यावरच घालायचा. त्यामुळे एका दिवशी पंधरा फळं मऊ झाली की आजी वाड्यात घरोघर पाठवायची. ते दातृत्व तिचं होतंच, पण थोडं त्या फळाचंही होतं.

नोकरीसाठी मुंबईत एकटी राहायला लागले तेव्हा दुकानातून प्लास्टिकच्या डब्यातली चार देखणी, कडक फळं आणली आणि फ्रिजमध्ये ठेवली. साल काळी पडली, आतला गर दगडच राहिला. कच्च्या सीताफळाला थंडी सोसत नाही, हे तेव्हा कळलं. त्या चार फळांच्या पैशांत बाजारात कितीतरी आली असती.

आता पुन्हा पुण्यात आहे आणि पाटीच घेते, चार घरांत मिळून. स्वस्त पडते, ताजी मिळते, हे आहेच. पण डब्यात निवडक फळं जातात; पाटीत बारकी, वाकडीही येतात. कमी पाण्याच्या डोंगरउतारावर, जिथल्या पाल्याला शेळीही तोंड लावत नाही, तिथं वाढलेलं हे फळ. शेतकऱ्याची ती बारकी फळंही विकली गेली पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं. गोडीला ती तसूभरही कमी नसतात. आणि आठवडाभर हात चिकट होईस्तोवर खाल्लं की पुढं वर्षभर आठवण काढायला बरं वाटतं.

यंदाची पाटी शनिवारी आली. आज सकाळी तांदळात हात घातला, तर सात फळं एकदम मऊ. तीन वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे देऊन आले आहे.