फिरते घर घेण्यापूर्वी

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपल्याकडे कौतुकाने वापरली जात नाही. ज्याला ठावठिकाणा नाही, ज्याचा संसार बोचक्यात मावतो, त्याच्याविषयी ती बोलली जाते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारी आमच्या मराठवाड्यातील कुटुंबे, भाता आणि ऐरण गाडीवर घालून गावोगाव फिरणारे गाडीलोहार, राहुट्या ठोकीत जत्रांमागे धावणारे तमाशाचे फड, अशा चाकांवरच्या जगण्याची ओळख मराठी समाजाला फार जुनी आहे. नवे आहे ते हौसेने चाकांवर राहणे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि ‘मोटरहोम’ हा शब्द चुडाव्यासारख्या गावीही आमच्या कानांवर पडला.

चुडावा म्हणजे पूर्णा जंक्शन आणि नांदेड यांच्यामधले एक लहानसे स्टेशन. येथून आम्ही दोघे पती-पत्नी रोज महाविद्यालयात जातो-येतो आणि मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकीचा विषय लोकसाहित्य, तर दुसऱ्याचा मध्ययुगीन गद्य. आम्हाला अशी गाडी हवी होती ती पर्यटनासाठी मात्र नव्हे. पूर्णा नदी गोदावरीला मिळते त्या टापूत, आणि पुढे जनाबाईंच्या गंगाखेडाकडे, जात्यावरच्या ओव्या पाठ असणाऱ्या बायका अजून आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रभर हिंडून लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या, हे लोकसाहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. तरीही ज्या बाईची ओवी कोणी ऐकलीच नाही तिच्यापुरते ते संकलन अपुरेच राहते. विजेची चक्की गावात आल्यावर जाते कोपऱ्यात गेले. ज्यांनी ते खरोखर ओढले त्या बायका आज सत्तरीच्या, ऐंशीच्या घरात आहेत. आमच्या वहीत अशा एकोणीस जणींची नावे आहेत.

आता अडचण अशी की या बायका आपल्याला मोकळ्या सापडतात त्या रात्री जेवणे झाल्यावर किंवा भल्या पहाटे. दिवसा शेत असते, नातवंडे असतात, आणि दारात सुनेसमोर मोठ्याने गायचा संकोचही असतो. शेवटची एसटी मात्र संध्याकाळीच निघून जाते. मुक्काम करावा तर ज्यांच्या घरी दोन खोल्यांत सात माणसे निजतात त्यांच्यावर आपला भार पडतो. शिवाय बाईमाणसाच्या मुक्कामाला शौचालयाचा साधा प्रश्न असतो, आणि संशोधनपद्धतीच्या पाठ्यपुस्तकांत त्याचा उल्लेखही नसतो. निजायची जागा, पाणी, एक आडोसा आणि ध्वनिमुद्रणासाठी वीज एवढे बरोबर नेता आले तर काम होईल, या विचाराने आम्ही जुनी डिझेल मोटरहोम शोधू लागलो.

एका शहरात अशी गाडी विकाऊ असल्याचे कळले. मिनीबसच्या चासीवर एका खासगी गॅरेजने बांधलेले घर होते ते. मालकाने ९ लाख रुपये सांगितले. आम्ही साठवलेल्या ठेवीचा मोठा भाग त्यात जाणार होता. म्हणून आमच्या गावचे एक काका सोबत घेतले. त्यांची उभी नोकरी एसटीच्या कार्यशाळेत, गाड्यांच्या बॉडी बांधण्यात गेली. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील एसटीच्या कार्यशाळांत आपल्या लाल गाड्यांचे सांगाडे कसे उभे राहिले, हा इतिहास कोणी लिहावयास घेतला तर पहिला निवेदक म्हणून काकांचेच नाव आम्ही सुचवू. गाडी पाहण्याची जी रीत त्यांनी आम्हाला शिकवली, ती येथे नोंदवीत आहोत. ज्यांना गाडी घ्यावयाची नाही अशा वाचकांनाही तीत काही ओळखीचे दिसेल.

आरंभ कागदांपासून. जुन्या पोथीच्या शेवटी पुष्पिका असते; लेखक कोण, लेखनकाळ कोणता, हे ती सांगते, आणि अभ्यासक ती पोथीच्या कागदाशी, अक्षरवळणाशी ताडून पाहतो. नोंदणी प्रमाणपत्र ही गाडीची पुष्पिकाच. त्यावर बॉडीचा प्रकार, आसनसंख्या, रिकाम्या गाडीचे वजन आणि इंधन लिहिलेले असते. चासीवर ठोकलेला क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक त्याच्याशी जुळला पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांना छेद देणारा बदल मनाने करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती मर्यादा अधोरेखित केली. आत पलंग, मोरी आणि शेगडी असताना प्रमाणपत्रावर अजून प्रवासी मिनीबसच लिहिलेली असेल, तर उद्या अपघात झाल्यावर विमा कंपनीला कोणते उत्तर द्यायचे? खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षे चालते, हेही ध्यानात ठेवावे. उरलेली वर्षे किमतीतून मोजावीत. या गाडीचे कागद मात्र नीट होते. त्यामुळे आमची उमेद वाढली.

मग काकांनी इंजिन घेतले. इंजिन थंड असतानाच पाहायचे, मालकाने आधी तापवून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी यायचे, हा त्यांचा पहिला नियम. थंड इंजिन किती वेळात धरते ते पाहावे आणि मागे धूर पाहावा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळसर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही राहिला तर न जळलेले डिझेल किंवा आत शिरलेले पाणी. चालू इंजिनाचे ऑइल भरायचे झाकण उघडून वाफेचा जोर पाहावा. तो जोराचा असेल तर पिस्टनच्या कडेने दाब निसटतो आहे असे समजावे. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. टायरच्या बाजूवर चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२२१६’ म्हणजे २०१६ सालचा बाविसावा आठवडा. नक्षी कोरी दिसली तरी उभ्या गाडीचे रबर उन्हात म्हातारे होतच असते. या गाडीचे टायर बदलावे लागणार होते. इंजिन मात्र पहिल्या चावीला धरले, आणि काकांच्या चेहऱ्यावर प्रथमच समाधान दिसले.

“सर, इंजन ठणठणीत हाय,” ते म्हणाले, “पर मॅडमला इंजनात झोपायचं न्हाई. आता घर बघू.”

आमच्या मते या पाहणीचा गाभा याच वाक्यात आहे. जुनी मोटार घेणारा इंजिनावर खूश होतो, जुने घर घेणारा भिंतीवर. येथे दोन्ही एकमेकांवर स्वार झालेले असतात, आणि चालती गाडी घराला दर किलोमीटरला हादरवीत असते. घर मोडते ते बहुधा सांध्यांत, आणि मोडण्याचे कारण बहुधा पाणी असते. छपराचे सांधे, हवेसाठी पाडलेले झरोके, खिडक्यांच्या चौकटी, सौरपट्टीचे स्क्रू, ज्या ज्या ठिकाणी पत्र्याला भोक पडले त्या त्या ठिकाणी पाण्याला वाट मिळाली. काका शिडी लावून छपरावर गेले. सांध्यांवर सिलिकॉनचे नवे थर जुन्या थरांवर चढवलेले होते. ते म्हणाले की कोणी एकदा लावतो ते बांधणीसाठी, पुन्हा पुन्हा लावतो ते गळतीसाठी. बाहेरचा ॲल्युमिनियमचा पत्रा लोखंडी सांगाड्यावर रिपिटांनी बसवला होता. हे दोन धातू ओलाव्यात एकमेकांना थेट टेकले की ॲल्युमिनियम झिजते आणि सांध्यापाशी पांढरी भुकटी जमते. म्हणून मध्ये रंगाचा किंवा पट्टीचा पडदा ठेवतात. खालच्या कडेला नखाने खरवडले तेव्हा ती भुकटी आमच्या बोटांना लागली.

आत सारे सुंदर होते. नवा सनमायका, नवे पडदे, भिंतीला ताजा रंग. कोऱ्या रंगाच्या वासाखाली मात्र दुसरा एक वास होता. दप्तरखान्यात भिजलेल्या बस्त्यांना येतो तसा. काकांनी एक रुपयाचे नाणे काढले आणि भिंतीवर वीतभर अंतराने ठोकीत निघाले. सुकी प्लाय टणक बोलते, सडलेली बद्द. मोरीजवळ आणि मागच्या पलंगाखाली आवाज बसला. फरशीवरचे प्लास्टिकचे आवरण कोपऱ्यातून उचलून त्यांनी अंगठा दाबला, आणि तो प्लायमध्ये उतरला. पाण्याच्या जागी ‘आयएस ७१०’ हा शिक्का असलेली मरीन प्लाय वापरावी लागते. येथे स्वस्तातली साधी प्लाय होती, आणि तिचे थर ओल्या पोथीच्या पानांसारखे सुटले होते.

आम्ही गाडीखाली चटई टाकून पाहिले. घराचा सांगाडा चासीवर यू-बोल्टांनी, मध्ये रबर किंवा लाकूड देऊन कसावयाचा असतो, म्हणजे चासी पिळली तरी घराला तडे जात नाहीत. मागच्या बाजूला तो थेट वेल्डिंगने चिकटवला होता, आणि वेल्डिंग अखंड नसून ठिपक्याठिपक्यांनी होते. त्याच जागी गंज सर्वांत जास्त होता. मागच्या चाकांपलीकडे घर बरेच लांबवले होते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे हा लटकता भाग पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतराच्या ६० टक्क्यांहून जास्त नसावा. टेपने मोजला तेव्हा तो कसाबसा मर्यादेत बसला. पण २०० लिटरची पाण्याची टाकी त्याच टोकाला होती. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. भरली टाकी म्हणजे आडव्या दांडीच्या टोकाला बसवलेली चार माणसे.

त्यामुळे गाडी वजनकाट्यावर नेली. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाके, मग फक्त मागची. हा हिशेब कोणीही करू शकतो आणि फारसा कोणी करीत नाही. टाकी भरून, आम्ही दोघे, बॅटऱ्या, सिलिंडर आणि वह्यापुस्तके धरून मागच्या आसावरचा भार चासीवरच्या पट्टीत लिहिलेल्या मर्यादेपलीकडे जात होता. उरले गॅस आणि वायरिंग. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे छिद्र हवे. ते नव्हते. वायरी पत्र्याच्या उघड्या कडेवरून, रबरी कडे न घालता नेल्या होत्या.

मालक वाईट माणूस नव्हता. त्याने किंमत ९ वरून ६ लाखांवर आणली, आणि मग आमच्या मनात खरी कुस्ती सुरू झाली. आमच्यापैकी एकीचे म्हणणे असे की गाडी मोडकी असली तरी या हिवाळ्यात आठ-दहा मुक्काम निघतील. वहीतल्या बायका थांबणार नाहीत. दुसऱ्याचे म्हणणे असे की भुई कुजलेल्या घरात रात्री गॅस पेटवून निजणे हे धाडस नाही. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. शोधाला लागल्यापासूनच्या चार महिन्यांत एकोणिसांपैकी एक आजी गेल्या होत्या. त्यांच्या लेकीने आम्हाला सांगितले की आईला सीतेच्या वनवासाच्या ओव्या रात्रभर पुरतील एवढ्या येत असत. त्यांतली एकही आता आमच्याकडे नाही.

निर्णय काकांच्या एका प्रश्नाने झाला. घर उतरवून नवे बांधायला किती लागेल, असे आम्ही विचारले होते. ते म्हणाले, “मग तुम्ही घर कुठं घेताय, मॅडम? तुम्ही इंजन घेताय, अन् घर पाडायचे पैसे देताय.” आम्ही सौदा सोडला. मालकाला सडलेल्या जागा, वजनाची पावती आणि सिलिंडरचा कप्पा दाखवून सोडला. पुढच्या गिऱ्हाइकाला त्याने ते सांगावे एवढी विनंती केली.

पाठचिकित्सा करणारा मनुष्य सुबक नकललेल्या पोथीपेक्षा खाडाखोड दिसणाऱ्या पोथीवर अधिक विश्वास ठेवतो, कारण तीत काय झाले ते झाकलेले नसते. आम्हीही आता सजवलेले घर पाहात नाही. आत काहीच न केलेली, सांगाडा आणि भुई उघडी असलेली साधी डिझेल व्हॅन आम्ही शोधतो आहोत. तीत दोन पलंग, एक पडदा, सुटे शौचपात्र आणि लहान टाकी काका बसवून देणार आहेत. शेगडी नाही, जेवण गावातच. प्रत्येक स्क्रू कोठे गेला हे आम्हाला ठाऊक असेल. तोवर थांबायचे नाही, असेही ठरले आहे. उरलेल्या अठरांपैकी ज्या पाच जणींचे वय सर्वांत जास्त, त्यांच्या गावी शनिवारी दुपारी भाड्याची जीप करून जायचे आणि शाळेची एक खोली मागून घ्यायची. पहिली दोन गावे झाली आहेत. आणि व्हॅन मिळालीच तर ती आषाढात पाहायची, चांगला पाऊस लागलेला असताना. छप्पर उन्हात तपासता येत नाही.